मुंबई ते ऑकलंड : अंतर पृथ्वीचं, तास माणसांचे

न्यूझीलंड किती लांब आहे, हे मराठी घरांना आधी क्रिकेटनं शिकवलं. १९६८ मध्ये वेलिंग्टनला अजित वाडेकरांनी १४३ धावा काढल्या. ते त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक. पतौडींच्या संघानं त्याच दौऱ्यात भारताला परदेशातला पहिला कसोटी मालिका-विजय मिळवून दिला. तिकडे मैदानावर सकाळचा खेळ सुरू होई, तेव्हा मुंबई साखरझोपेत असे. पुढे टीव्ही आला आणि पहाटेचा गजर लावून, आवाज बारीक करून, घरच्यांच्या शिव्या खात न्यूझीलंडचे सामने पाहणारी एक पिढीच तयार झाली. इतक्या पहाटे खेळतात म्हणजे देश पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला असणार, असा आपला पक्का समज झाला.

आता तिकडे केवळ सामने राहिलेले नाहीत. मुंबईत जन्मलेला एजाज पटेल लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर परतून त्यानं भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. ऑकलंडमध्ये मराठी मंडळ आहे, गणपती बसतात, आणि दर वर्षी इकडचे कितीतरी आईवडील नातवंडांना भेटायला तिकडे जातात. निघण्याआधी शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात : ‘किती तास लागतात हो?’

प्रश्न साधा, पण उत्तर एक नाही. कुणाला अठरा तास लागतात, कुणाला चोवीस, कुणाला तीसच्या वर. संगणकाला विचारलं तर तो अंतर मोजून चौदा-पंधरा तास सांगून मोकळा होतो. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नाही. अंतर पृथ्वीनं ठरवून दिलेलं आहे, त्यात वादाला जागा नाही. तास मात्र वारा ठरवतो, आणि त्याहून जास्त माणसं ठरवतात.

दोरा आणि मोसंबं

दोन शहरांमधलं हवाई अंतर मोजायची सगळ्यात सोपी रीत घरच्या घरी करता येते. पृथ्वीचा गोल नसला तर एखादं मोसंबं घ्या. दोन ठिकाणी टाचण्या टोचा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट शोधतो. ही वाट पुढे तशीच वाढवत नेली, तर मोसंब्याचे बरोबर दोन सारखे भाग होतात. भूगोलात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे असंच एक बृहद्‌वृत्त आहे.

आकडेमोडही अवघड नाही. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबई आणि ऑकलंड या दोन ठिकाणांकडे दोन रेघा काढल्या, तर त्यांच्यामधला कोन साधारण ११०.६ अंशांचा भरतो. एका अंशाचे साठ सागरी मैल, कारण सागरी मैलाची कल्पनाच अंशाच्या साठाव्या भागावरून आली. म्हणजे सुमारे ६,६४० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, गुणाकार करा, उत्तर येतं सुमारे १२,३०० किलोमीटर. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तावरची तिची त्रिज्या ध्रुवांवरच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरांनी जास्त आहे. पण एवढ्या लांबच्या वाटेवर त्यानं पडणारा फरक किरकोळच.

हा दोरा मुंबईहून निघाला की कुठून जातो, तेही पाहण्यासारखं आहे. तो थेट पुण्यावरून जातो, फलटणच्या बाजूनं पुढे सरकतो, विजयपूर आणि कलबुर्गीच्या मधून वाट काढत नेल्लोरच्या आसपास बंगालच्या उपसागरावर येतो. सुमात्रा बेटाजवळ विषुववृत्त ओलांडतो, जावा बेट तिरकं कापून जातो, ब्रूम या गावाजवळ ऑस्ट्रेलियात शिरतो आणि त्या खंडाचं वाळवंट तिरकं कापत सिडनीच्या उत्तरेला पुन्हा समुद्रावर निघतो. मग टास्मान समुद्र, आणि ऑकलंड. म्हणजे पुण्याच्या माणसाला न्यूझीलंडला जायचं असेल, तर आधी उलटं मुंबईला येऊन मग आपल्याच घरावरून उडत जावं लागेल!

न्यूयॉर्क जास्त लांब आहे

आता पहाटेच्या गजरानं करून दिलेला समज तपासू. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर त्याच दोऱ्यानं मोजलं, तर सुमारे १२,५०० किलोमीटर भरतं. म्हणजे ऑकलंड आपल्याला न्यूयॉर्कपेक्षा दोनशेएक किलोमीटर जवळ आहे. सॅन फ्रान्सिस्को तर त्याहूनही लांब. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटरांवर असू शकतात, कारण पृथ्वीचा घेर चाळीस हजारांचा आहे. मुंबईच्या पायाखाली सरळ बोगदा खणला तर तो न्यूझीलंडला निघणार नाही. तो निघेल पॅसिफिकमध्ये, ईस्टर बेटापासून शेकडो किलोमीटरांवरच्या उघड्या समुद्रात. न्यूझीलंडच्या बरोबर पाठीमागे आहे तो स्पेन. ऑकलंडहून खणलेला बोगदा दक्षिण स्पेनमध्ये बाहेर पडतो. म्हणून इंग्लंडच्या माणसानं न्यूझीलंडला ‘जगाचं टोक’ म्हणावं हे रास्त आहे. आपण ते त्याच्याकडून उसनं घेतलं.

भिंतीवरचा नकाशाही या समजाला खतपाणी घालतो. मर्केटरनं १५६९ मध्ये जो नकाशा काढला, त्याच्या पद्धतीनं आजही कितीतरी नकाशे छापले जातात. त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. या नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टीनं रेघ मारून त्याच दिशेनं विमान नेलं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल, म्हणजे बृहद्‌वृत्तापेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त. म्हणून अमेरिकेची विमानं नकाशावर उत्तरेकडे फुगलेली कमान काढत जाताना दिसतात. ऑकलंडच्या बाबतीत मात्र पट्टीची रेघ आणि दोऱ्याची वाट यांत केवळ शंभरेक किलोमीटरांचा फरक पडतो. ही वाट विषुववृत्त ओलांडते. उत्तर गोलार्धात एका बाजूला आलेला बाक दक्षिण गोलार्धात दुसऱ्या बाजूला येतो आणि दोन्ही मिळून रेघ जवळपास सरळ राहते.

सिंगापूर वाटेवरच आहे

मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही, म्हणजे मधे कुठेतरी उतरणं आलं. इथे बहुतेकांना वाटतं की विमान बदललं म्हणजे वळसा पडला. पडतोही, पण किती, ते विमान कुठे बदलतो त्यावर ठरतं.

मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, सिंगापूर–ऑकलंड सुमारे ८,४००. बेरीज १२,३००च्या थोडी वर. थेट वाटेशी ताडून पाहिलं तर सिंगापूरला उतरल्यामुळे जास्तीचं अंतर पडतं ते जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर, म्हणजे साधारण दादर ते ठाणे एवढंच. हाँगकाँगमार्गे गेलात तर अकराशेच्या वर किलोमीटर वाढतात. दुबईमार्गे गेलात तर आधी १,९०० किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि मग तिथून १४,२०० किलोमीटर परत पूर्वेला. बेरीज सोळा हजारांच्या पार जाते, जवळजवळ ३,८०० किलोमीटर फुकटचे. तरीही दुबईमार्गे जाणारे लोक आहेतच, कारण कधी तिकीट स्वस्त मिळतं, कधी सामान जास्त नेता येतं, कधी पुढचं विमान लगेच असतं. सिडनीही थेट वाटेच्या अगदी जवळ आहे. तिथून ऑकलंड अवघं २,१६० किलोमीटर. पण ऑस्ट्रेलियात विमान बदलण्यासाठी भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी पाहून ठेवावं.

दुबई–ऑकलंड हे उड्डाण मार्च २०१६ मध्ये न थांबता सुरू झालं, तेव्हा ते काही काळ जगातलं सगळ्यात लांब नियमित उड्डाण होतं. पुढच्याच वर्षी दोहा–ऑकलंड त्याच्या पुढे गेलं. सप्टेंबर २०२२ पासून ऑकलंड–न्यूयॉर्कही एका दमात होतं, तेसुद्धा १४,२०० किलोमीटर. आज सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरचं उड्डाण अठरा तासांच्या वर चालतं. या रांगेत मुंबई–ऑकलंडचे १२,३०० किलोमीटर फारच मवाळ दिसतात. आजच्या लांब पल्ल्याच्या कुठल्याही विमानाला ते अंतर अशक्य नाही.

वारा कोणाच्या बाजूनं?

सिंगापूरहून ऑकलंडला जायला साधारण पावणेदहा-दहा तास लागतात. तेच विमान परत येताना पावणेअकरा-अकरा तास घेतं. अंतर तेच, विमान तेच, मग तासभर जातो कुठे?

अनेकांना वाटतं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून ती सरकायला हवी आणि पश्चिमेचा प्रवास लवकर व्हायला हवा. होतं नेमकं उलटं. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. धावत्या लोकलमध्ये उडी मारली म्हणून आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच हे.

खरा खेळ वाऱ्याचा आहे. विषुववृत्ताजवळची हवा तापलेली, ध्रुवाजवळची थंड. या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्यांच्या नद्या तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. दक्षिण गोलार्धात, विशेषतः तिकडच्या हिवाळ्यात, असा एक प्रवाह ऑस्ट्रेलिया आणि टास्मान समुद्रावरून वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणं ही रोजचीच गोष्ट आहे. जाताना विमान या नदीच्या ओघात पोहतं, येताना ओघाविरुद्ध. म्हणूनच येणारं विमान त्या दिवशीचा वारा पाहून वाट थोडी वाकवतं. शंभर किलोमीटर जास्त उडून विरोधी वारा चुकत असेल, तर तेच स्वस्त पडतं.

यात एक बारीक हिशेब दडलेला आहे. वारा नसताना विमान ताशी ९०० किलोमीटरनं गेलं, तर ८,४०० किलोमीटर जाऊन येऊन १८ तास ४० मिनिटं लागतील. आता समजा, सबंध वाटेवर १०० किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग हजार, लागतात ८ तास २४ मिनिटं. येताना वेग आठशे, लागतात साडेदहा तास. बेरीज १८ तास ५४ मिनिटं. म्हणजे जाताना मिळालेली वाऱ्याची मदत येताना व्याजासकट फेडावी लागते. वारा नफ्याचा वाटतो, पण वर्षाच्या हिशेबात विमान कंपनीला तो तोट्यातच टाकतो.

तिकिटावर छापलेल्या वेळेचीही एक खोच आहे. ती विमान हवेत असण्याची वेळ नसते. विमानाच्या चाकांखालचे अडथळे काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, सगळं त्यात येतं. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर हा वेळ लहान नसतो. शिवाय उशीर झाला असं दिसू नये म्हणून कंपन्या थोडी मिनिटं पदरची घालून ठेवतात. विमान ‘वेळेआधी’ पोचल्याची सुखद घोषणा कधीकधी त्यातूनच होते.

अकरा दिवसांपासून अठरा तासांपर्यंत

हे तास कसे कमी होत गेले, ते पाहिलं म्हणजे आजच्या तक्रारी जरा हलक्या होतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून शिडाच्या जहाजानं न्यूझीलंडला पोचायला तीन महिने लागत. तिकडे पोचलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक होता एडवर्ड पीटर्स. त्याचं मूळ गोव्याकडचं सांगितलं जातं. तो १८५३ मध्ये जहाजानं गेला आणि ओटागोच्या तुआपेका भागात त्याला सोनं सापडलं. नाव मात्र झालं ते १८६१ मध्ये तिथे पोचलेल्या गॅब्रिएल रीडचं.

विमानांचा काळ आला तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला टास्मान समुद्र हाच मोठा अडसर होता. जानेवारी १९२८ मध्ये मॉन्क्रीफ आणि हूड हे दोन वैमानिक तो ओलांडायला निघाले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ ‘सदर्न क्रॉस’ घेऊन सिडनीहून निघाला आणि चौदा तासांहून जास्त उडून ख्राइस्टचर्चला उतरला. आज ऑकलंड ते सिडनी हे अंतर तीन-साडेतीन तासांचं आहे.

न्यूझीलंडच्याच रोटोरुआ गावात जन्मलेली जीन बॅटन १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून एकटीच एका इंजिनाच्या छोट्या विमानात बसली आणि कराचीमार्गे, थांबत थांबत, ११ दिवस ४५ मिनिटांनी ऑकलंडला पोचली. इंग्लंड ते न्यूझीलंड असं थेट एकट्यानं उडून जाणारी ती पहिलीच व्यक्ती. ऑकलंडच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला आज तिचंच नाव आहे. तिकडे उतरणाऱ्या प्रत्येक मराठी आजी-आजोबांचा पहिला मुक्काम त्या अर्थानं तिच्याच घरी होतो. पुढे ३० एप्रिल १९४० रोजी ऑकलंड–सिडनी अशी पाण्यावर उतरणाऱ्या ‘उडत्या बोटीं’ची सेवा सुरू झाली. ती चालवणारी कंपनी म्हणजेच १९६५ पासूनची ‘एअर न्यूझीलंड’.

न थांबता उडण्याचा खरा मान मात्र माणसाचा नाहीच. गॉडविट नावाचा लांब चोचीचा, पाणथळीत राहणारा पक्षी आहे; माओरी लोक त्याला कुआका म्हणतात. तो दर वर्षी अलास्काहून निघून सबंध पॅसिफिक ओलांडत न्यूझीलंडला येतो, वाटेत कुठेही न टेकता. २००७ मध्ये अंगावर यंत्र बसवलेल्या एका मादीनं ११,६८० किलोमीटर आठ दिवसांत पार केले. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवस सलग उडालं, १३,५६० किलोमीटर. मुंबई–ऑकलंडपेक्षा जास्त अंतर, आणि इंधन म्हणाल तर निघण्याआधी अंगावर चढवलेली चरबी!

मग थेट विमान का नाही?

विमानाला जमतं, अंतर न्यूयॉर्कपेक्षा कमी आहे, मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट विमानं उडालेलीही आहेत. तरी ऑकलंडचं विमान नाही. याचं उत्तर भूगोलात नाही, माणसांच्या संख्येत आहे.

अमेरिकेत भारतीय वंशाचे पन्नास लाखांच्या आसपास लोक राहतात. न्यूझीलंडच्या सबंध देशाची लोकसंख्याच त्रेपन्न लाखांच्या घरात आहे, आणि २०२३ च्या जनगणनेत स्वतःला भारतीय म्हणवणारे होते २ लाख ९२ हजार. तिथल्या मोठ्या समाजांमध्ये भारतीय तिसऱ्या क्रमांकावर गेले, हे खरं. पण हे तीन लाख लोक एका ठिकाणचे नाहीत. कुणाचं मूळ पंजाबात, कुणाचं गुजरातेत, कुणाचं हैदराबादेत, कुणाचं केरळात, कुणाचं फिजीमार्गे आलेलं, आणि आपल्यासारखे काही मुंबई-पुण्याचे. रोज अडीच-तीनशे खुर्च्या भरायच्या, त्या जाताना आणि येतानाही, त्यात पैसे मोजून पुढच्या वर्गात बसणारेही हवेत. नाताळच्या सुट्टीत विमान ओसंडून वाहील, पण जून महिन्यात काय करायचं?

लांब उड्डाणाला आणखी एक शाप आहे. ड्रीमलायनरसारखं विमान तासाला पाच टनांच्या वर इंधन पितं. पंधरा तासांचं इंधन सुरुवातीलाच भरून घ्यायचं म्हणजे पहिले कित्येक तास शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जळतं. मधे सिंगापूरला उतरलं की ते ओझं वाचतं, आणि मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, ढाका, कोलंबो असं सगळीकडचं पाणी एका हौदात जमा करून ऑकलंडचं विमान भरता येतं. सिंगापूर, दुबई, हाँगकाँग ही शहरं याच हौदाच्या धंद्यावर मोठी झाली आहेत.

हे चित्र बदलण्याची चिन्हं आहेत. २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी न्यूझीलंडला गेले तेव्हा दोन्ही देशांमध्ये हवाई सेवेचा करार झाला. मार्च २०२५ मध्ये एअर इंडिया आणि एअर न्यूझीलंड यांनी सामंजस्य करार केला; २०२८ च्या अखेरीपर्यंत थेट विमान सुरू करता येईल का, याची चाचपणी त्यात ठरली आहे. नवी विमानं वेळेवर मिळणं आणि परवानग्या या त्याच्या अटी. ते विमान मुंबईचं असेल की दिल्लीचं, ही मात्र आपल्या काळजीची बाब! दिल्लीहून ऑकलंड मुंबईपेक्षा दोनशे किलोमीटर लांब आहे, पण विमानं अंतर पाहून उडत नाहीत, गर्दी पाहून उडतात.

साडेसतरा तासांचा शनिवार

आता घड्याळाकडे वळू, कारण खरा गोंधळ तिथे होतो. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, न्यूझीलंड बारा तास पुढे. फरक साडेसहा तासांचा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेसात तासांचा होतो. घड्याळ पुढेमागे करण्याची ही कल्पना वेलिंग्टनच्या जॉर्ज हडसननं १८९५ मध्येच मांडली होती. तो टपालखात्यात नोकरीला होता आणि त्याला किडे गोळा करायचा नाद होता. कामावरून सुटल्यावर उजेड जास्त हवा, एवढंच त्याचं म्हणणं. सबंध देशाचं एकच घड्याळ हेही न्यूझीलंडनं १८६८ मध्येच करून टाकलं होतं. आपल्या मुंबईनं मात्र भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाही.

समजा, जून महिन्यात शुक्रवारी रात्री साडेअकराला तुम्ही मुंबईहून निघालात. साडेपाच तासांनी सिंगापूर. तिथे तीन तास थांबलात, मग दहा तासांचं ऑकलंडचं विमान. एकूण साडेअठरा तास. मुंबईत तेव्हा शनिवारची संध्याकाळ, सहा वाजलेले. ऑकलंडमध्ये मात्र रविवार लागून अर्धा तास झालेला. ‘आमचा शनिवार कुठे गेला?’ असं लोक विचारतात. शनिवार कुठे गेला नाही, तो आखूड झाला. मधल्या वाटेवर तुमचा शनिवार साडेसतरा तासांत संपला. परत येताना हेच साडेसहा तास परत मिळतात आणि एखादा वार साडेतीस तासांचा होऊन बसतो. एकूण आयुष्यात काही कमीजास्त होत नाही, हिशेब चोख राहतो.

शरीराला मात्र हा हिशेब पटायला वेळ लागतो. आपलं आतलं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. म्हणजे तिकडे गेल्यावर सहा-सात दिवस रात्री दोनला टक्क डोळे उघडे आणि दिवसा मान लवलेली. पूर्वेकडे जाताना हे जास्त जाणवतं, कारण दिवस लांबवणं शरीराला जमतं, आखूड करणं जमत नाही. औषधाहून उत्तम उपाय म्हणजे सकाळचं ऊन आणि चालणं.

या फरकाचा एक घरगुती परिणाम संकष्टीला दिसतो. चंद्रोदय ज्याच्या त्याच्या गावचा. ऑकलंडची सून रात्री नऊला चंद्र पाहून मोदक खाते, तेव्हा डोंबिवलीच्या सासूबाईंच्या घरी दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि त्यांचा उपास अजून निम्म्यावर असतो.

तिकीट काढताना

तेव्हा ‘किती तास लागतात’ याचं प्रामाणिक उत्तर असं : हवेत साडेपंधरा ते अठरा तास, बाकीचा वेळ थांब्यावर. हवेतले तास तुमच्या हातात नाहीत, थांब्याचे आहेत. वयस्कर माणसांनी दीड तासाच्या धावपळीचं तिकीट घेऊ नये आणि चौदा तास बाकावर बसवणारंही घेऊ नये. तीन-चार तासांचा थांबा बरा. मुलं वेलिंग्टन किंवा ख्राइस्टचर्चला असतील, तर ऑकलंड म्हणजे मुक्काम नव्हे. तिथून पुढे आणखी तास-दीड तासाचं विमान आहे आणि त्याआधी सामान ताब्यात घ्यायचं आहे.

आणि ऑकलंडला उतरल्यावरचा शेवटचा तास विसरू नका. शेतीवर जगणारा हा देश बाहेरच्या बियांना आणि किड्यांना फार जपतो. लाडू, चिवडा, मसाला, लोणचं जे काही बॅगेत असेल ते प्रवेशाच्या अर्जावर सरळ लिहून द्या. आंबे, कढीपत्ता आणि मध घरीच ठेवा. लिहून दिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली, तर जागेवरच चारशे न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे.